परत म्हणून दाखव

द्वारका सर्कलजवळ एका ट्रान्सपोर्टच्या गोदामावर आमच्या दोन खोल्या होत्या. जिना लोखंडी, बाहेरच्या अंगानं चढणारा. कुणी वर येऊ लागलं की पायऱ्यांच्या आवाजावरून आई ओळखायची, कोण ते. त्या घराबद्दल कुणी विचारलं तर मला भिंतींचा रंग आठवत नाही, आवाज आठवतात. ट्रकचे फाळके आपटल्याचे, कापडाची गाठ पाठीवर घेताना हमालांनी सोडलेल्या श्वासाचे, गाडी मागे घेताना क्लीनरनं पत्र्यावर थापा मारत म्हटलेल्या "आने दे, आने दे, बस्स!"चे. मधूनच ओझरच्या बाजूनं एखादं लढाऊ विमान यायचं आणि या सगळ्या गलक्यावरून एक रेघ मारून जायचं. मी हातातला भाकरीचा तुकडा तसाच घेऊन जिन्यात पळायचे. विमान पुढे गेलेलं असायचं, आवाज तेवढा मागे राहिलेला. "बोललं का गं तुझ्याशी काही?" आई चुलीपासून विचारायची. चूल म्हणजे स्टोव्ह, पण आई त्याला चूलच म्हणायची.

आणि या सगळ्याच्या वर आण्णांचा, माझ्या वडिलांचा, टेलिफोनवरचा आवाज. आण्णा खाली बुकिंगला बसायचे. मालेगावच्या ऑफिसशी त्यांचं दिवसभर बोलणं चाले आणि लाइन इतकी खरखरीची, की दोन्हीकडून ओरडल्याशिवाय इलाज नसे. "चाळीस गाठी! चार-शून्य! भिवंडीला उतरायच्या नाय, सरळ मुंबई! हां, आता तुम्ही बोला परत!" पलीकडचा माणूस ते सगळं परत म्हणायचा. आण्णा मान डोलावत ऐकायचे आणि शेवटी "बरोबर" म्हणायचे. त्यांच्या तोंडून "बरोबर" निघाल्याशिवाय गाडी हलत नसे. पुढे माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी घरी यायला लागल्या तेव्हा मला या ओरडण्याची लाज वाटायची. मी खिडकी लावून घ्यायचे. उकडून सगळ्या घामाघूम व्हायच्या, पण मी काही खिडकी उघडायचे नाही.

फक्त मालकांचा, म्हणजे शेठचा, फोन आला की आण्णांचा आवाज बदलायचा. ते उभे राहायचे. शर्टाचं वरचं बटण लावायचे. आणि मग नुसतं "हो शेठ. हो. हो शेठ." शेठ काय म्हणाले ते पुष्कळदा त्यांना नीट कळलेलंही नसे. फोन ठेवल्यावर ते हमालांकडे बघून विचारायचे, "नेमकं काय म्हणले असतील रे?" आणि मग सगळे मिळून शेठच्या बोलण्याचा अंदाज लावत बसायचे.

आमच्या घरची रीतच ती होती. मोठं माणूस काही बोललं की आधी हो म्हणायचं, विचार नंतर. आणि मोठ्यांचं बोलणं त्यांच्याच तोंडावर परत म्हणणं म्हणजे तर वेडावून दाखवणं. सिन्नरकडच्या आमच्या गावी एकदा नाना, म्हणजे आण्णांचे थोरले भाऊ, मला म्हणाले, "बैलांना पाणी दाखव आन् मग गोठा झाड." मी बापडी विसरू नये म्हणून मोठ्यानं म्हटलं, "बैलांना पाणी दाखव आन् मग गोठा झाड." आईनं तिथंच पाठीत धपाटा घातला. "मोठ्या माणसाला वेडावतीस?" नाना हसत होते, पण आई नाही. त्या दिवसापासून मी मोठ्यांना फक्त "हो" म्हणायला शिकले. ते शिक्षण बी.एस्सी. झाले तरी पुरलं.

बी.एस्सी. फिजिक्स, हे मी अजूनही जरा छाती पुढे काढूनच सांगते. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यात तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. निकाल लागला त्या दिवशी शेठ स्वतः लोखंडी जिना चढून वर आले. हातात पेढ्यांचा बॉक्स. शेठ वाईट माणूस नव्हते. खोल्या त्यांच्याच होत्या, माझ्या आजारपणात गाडी त्यांनीच दिली होती. ते खुर्चीत बसले, आण्णा भिंतीला टेकून उभे. "नाव काढलं पोरीनं," शेठ म्हणाले. "आता बाहेर कुठं कशाला वणवण? आपल्या ऑफिसला बसू द्या. बिल्ट्या, मालाच्या पावत्या बनवायच्या, कॉम्प्युटर पण येतो तिला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून."

"हो शेठ," आण्णा म्हणाले.

पुण्याला एम.एस्सी.च्या यादीत माझं नाव लागलं होतं. हे आण्णांना माहीत होतं, आईला माहीत होतं. चहाचा ट्रे माझ्या हातात होता. शेठनं माझ्याकडे बघितलं आणि मीसुद्धा मान हलवली. हो.

या सगळ्याच्या काही महिने आधीपासून मी विमान चालवायला शिकत होते, हे आज कुणाला सांगितलं की लोक हसतात. हसू देत. माझा मामेभाऊ दीपकदादा, त्याचा सर्कलच्या पलीकडे सायबर कॅफे होता. चार कॉम्प्युटर, पत्त्याच्या बंगल्यासारखे प्लायवूडचे आडोसे आणि भिंतीवर 'बूट-चप्पल बाहेर काढावी'. दुपारी तो जेवायला गेला की मी काउंटरला बसायचे. त्यानं कुठूनशी विमान उडवायच्या खेळाची सीडी आणली होती. खेळ म्हणायचा एवढंच. आत सगळं खऱ्यासारखं, घड्याळं, काटे, वारा, इंधन. फिजिक्सच्या पुस्तकात जे कागदावर होतं ते इथं हाताला जाणवायचं. नाक वर केलं की वेग पडतो, पंख झुकवला की उंची सुटते. महिनाभरात मी औरंगाबादहून मुंबईला पोचायला लागले.

मग दीपकदादानं सांगितलं, इंटरनेटवरून जगभरातले हौशी लोक एकाच आभाळात हे उडवतात आणि काही हौशी लोक कंट्रोलर, म्हणजे जमिनीवरून विमानांना वाट सांगणारे, बनून बसतात. हेडफोन लावायचा, बटण दाबून बोलायचं, इंग्रजीत. दर रविवारी दुपारी मुंबईचा कंट्रोल चालू असे. मी आधी कितीतरी रविवार नुसती ऐकत राहिले. तिकडचा आवाज तरुण होता, पण असा सपाट आणि भराभर, की पाणी ओतल्यासारखा. मात्र ऐकता ऐकता त्यातली चाल सापडत गेली. आधी कुणाला हाक मारली ते, मग काय करायचं ते, मग आकडे. रागावणं नाही, लाडीगोडी नाही. या हौशी लोकांच्या ग्रुपमध्ये यायचं तर त्याच्यापुढे एक परीक्षा द्यावी लागे, मुंबईहून उडायचं आणि एक फेरी मारून मुंबईलाच उतरायचं.

मी परीक्षेला बसले. विमान हळूहळू धावपट्टीकडे नेत होते. आवाज आला: होल्ड शॉर्ट, रनवे टू सेव्हन. म्हणजे धावपट्टीच्या अलीकडे थांब. मी बटण दाबलं आणि म्हणाले, "रॉजर सर."

"रीड बॅक होल्ड शॉर्ट," तो म्हणाला. म्हणजे मी सांगितलं ते परत म्हणून दाखव.

शब्द मला कळला होता, अर्थही कळला होता. पण परीक्षा घेणाऱ्या माणसाला त्याचंच वाक्य तोंडावर फेकायचं? जीभ उचलेना. पाठीत तो जुना धपाटा बसल्यासारखं झालं. मी म्हणाले, "येस सर." आणि त्याला थांबवून ठेवणं बरं नाही म्हणून विमान आणखी जरा पुढे घेतलं. त्या घाईत थांबायची रेघ ओलांडली गेली. माझं नाक धावपट्टीवर, आणि समोरून कुणीतरी बँकॉकपासून तासन् तास उडत आलेला, चाकं काढून उतरायच्या बेतात. कंट्रोलरनं त्याच सपाट आवाजात त्याला परत वर जायला सांगितलं. माझ्या डोक्यावरून ते मोठं विमान गरजत गेलं. हेडफोनमध्ये त्या वैमानिकाचा सुस्कारा ऐकू आला. मला तो अजून आठवतो.

नंतर पडद्यावर टाइप केलेला निरोप आला. त्याचा मतलब असा: रॉजर म्हणजे हो नव्हे. रॉजर म्हणजे ऐकलं, एवढंच. तुम्ही परत म्हणत नाही तोवर मला कसं कळणार, तुम्हाला काय समजलं ते? कळलं नाही तर 'से अगेन' म्हणा, कितीही वेळा. जमत नसेल तर 'अनेबल' म्हणा. यात अपमान कुणाचाच नाही. तयारी करून या.

घरी आले तर आई बाजरीच्या भाकरी थापत होती, तव्यावर लसणाचा ठेचा. आण्णा जेवायला बसले होते. "तोंड का उतरलंय?" आण्णांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांना विमानातलं काही कळलं नसणार, पण ते घास हातात धरून ऐकत राहिले.

"त्यानं थांब म्हणलं, आन् तू नुसतं हो म्हणलीस?"

"हो."

"हो काय हो! मालेगाववाला मला नुसतं हो म्हणला आसता तर गाठी गेल्या आसत्या ना भिवंडीला." मग जरा थांबून, "सांग, काय काय बोलतो तो. आपण करू तयारी."

त्या रात्री मी देवनागरीत कंट्रोलरची वाक्यं लिहून काढली आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी ऑफिस बंद झालं की आमच्या घरात मुंबईचा विमानतळ चालू व्हायचा. आण्णा स्टुलावर, चष्मा नाकावर, कागद हातात. मी मोरीच्या कट्ट्याशी. आणि आण्णांना हळू बोलता येत नव्हतं. "टर्न लेफ्ट! हेडिंग! वन! एट! झिरो!" खालचे हमाल जिन्यात येऊन उभे राहायचे. आई बागलाणाकडची, ती वैतागली की तिची अहिराणी बाहेर यायची. "हाई काय शे?" ती कपाळावर हात मारून म्हणायची. "लोकांना वाटेल, नवरा-बायकोचं भांडण लागलंय."

"तू मधी बोलू नको, लाइन बिझी हाय," आण्णा म्हणायचे.

मी चाचरत परत म्हणायचे. ते कागदावर बोट ठेवून ताडून बघायचे. चुकलं की "परत". बरोबर आलं की "बरोबर", तेच, मालेगाववाल्याला म्हणायचे तेच, त्याच सुरात. पहिल्यांदा त्यांनी मला तसं "बरोबर" म्हटलं तेव्हा मला एकदम कळेना, काय झालं ते. तोवर ते मला म्हणायचे फक्त "ऐक" आणि "कर". आणि मीही त्यांचं बोलणं त्यांच्या तोंडावर कधी परत म्हटलेलं नव्हतं. आई भाकरी उलटताना आमच्याकडे बघत होती. त्या धपाट्याची तिला आठवण होती का, मी कधी विचारलं नाही. पण दोनचार दिवसांनी ती मला म्हणाली, "डाळीत मीठ घाल, गूळ नको," आणि उलथनं हातात धरून वाट बघत राहिली. मी म्हटलं, "डाळीत मीठ, गूळ नको." "बरोबर," आई म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली.

सगळे शब्द जमले, एक सोडून. 'अनेबल' आला की आण्णा तो वगळून पुढे जायचे. "त्याची गरज नाय पडायची," म्हणायचे. "मोठा माणूस सांगतोय म्हणजे विचार करूनच सांगत आसंल." मीही आग्रह धरला नाही. दोघांनाही ठाऊक होतं की पहिला सोमवार जवळ आलाय, आणि त्याबद्दल आमच्यापैकी कुणी बोलत नव्हतं.

दुसऱ्या परीक्षेचा रविवार नेमका त्या सोमवारच्या आदला. या वेळी औरंगाबादहून मुंबई. मी निघाले तर आण्णा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. "पलीकडचा माणूस ऐकायचाय मला," म्हणाले. कॅफेच्या दारात त्यांनी चपला काढल्या आणि माझ्या खुर्चीमागे हात बांधून उभे राहिले. दीपकदादानं त्यांच्यासाठी छोटे स्पीकर जोडून दिले आणि वर म्हणाला, "मामा, आज पायलटीण बघून घ्या. उद्यापासून बिल्ट्या." मी त्याच्याकडे बघितलं तसा तो स्पीकरच्या वायरी नीट करू लागला.

उड्डाण चांगलं झालं. उजव्या खिडकीत दूर कुठंतरी सिन्नर असायला हवं होतं. तिथं नुसता तपकिरी-हिरवा पट्टा होता. "आपलं गाव कुठंय?" आण्णांनी हळूच विचारलं. "तिकडं," मी म्हटलं, आणि ते त्या पट्ट्याकडे वाकून बघत राहिले. कंट्रोलर सांगत होता, मी परत म्हणत होते. एकदा मी आकडा म्हणताना अडखळले, बटण दाबलेलंच होतं, आणि मागून आण्णा कंट्रोल रूमला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, "घाबरू नको! परत बोल त्याला!" ते सगळ्या आभाळात गेलं. मग कंट्रोलर तसाच सपाट म्हणाला, "से अगेन?" मी परत बोलले, या वेळी नीट.

घाट ओलांडल्यावर ते झालं. त्यानं मला पुढच्या एका ठिकाणाच्या आत फार खाली यायला सांगितलं. मी काट्यांकडे बघितलं. एवढ्या कमी अंतरात एवढं खाली यायचं तर नाक पाडावं लागेल, नाक पाडलं तर वेग लाल पट्ट्यात जाईल. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, हे माझंच फिजिक्स होतं. होत नव्हतं. साधं होत नव्हतं. आणि तरी तोंडाशी आधी आला तो "येस सर"च. तो मी गिळला. पाठीमागे आण्णांचा श्वास ऐकू येत होता.

मी बटण दाबलं आणि म्हणाले, "अनेबल."

सॉरी नाही, सर नाही, कारण नाही. स्पीकरमधून नुसती खरखर. किती वेळ गेला कुणास ठाऊक, फार नसेल, पण शेठपुढे ट्रे धरून उभं राहिल्यासारखा वाटला. मग तो म्हणाला, "रॉजर." आणि त्याच दमात, डावीकडे वळ, हेडिंग वन एट झिरो, म्हणजे सरळ दक्षिणेला, वळसा घालून सावकाश खाली ये. मी परत म्हटलं. "रीडबॅक करेक्ट," तो म्हणाला. बस्स, एवढंच. मी वळसा घेतला, खाली आले, उतरले. चाकं जरा आपटली, पण धावपट्टीच्या मधल्या रेघेवर.

पडद्यावर निरोप आला, रोमन लिपीत पण मराठी. "ताई, पास. तुमच्यामागचे काका पण पास." तो सांगलीकडचा इंजिनीअरिंगचा पोरगा होता, माझ्याहून लहान. इतके दिवस मी ज्याला सर म्हणत होते तो.

घरी चालत आलो. सर्कलवर रस्ता ओलांडायला थांबलो तेव्हा आण्णा म्हणाले, "तू त्याला नाय म्हणलीस ना मधी?"

"हो."

"मग तो चिडला नाय?"

"नाही. त्यानं दुसरी वाट दिली."

"कारण बी नाय इचारलं?"

"नाही."

आण्णांनी मान हलवली. एक ट्रक गेला, दुसरा गेला, रस्ता मोकळा झाला तरी ते उभेच होते.

सोमवारी सकाळी मी लवकर उठले. आईनं माझ्यासाठी साडी काढून ठेवली होती, ऑफिसला नेसायची. चहा झाला होता. आण्णा खाली जायला म्हणून वरचं बटण लावत होते. मी म्हणाले, "आण्णा, मला ऑफिसला बसायचं नाही. नाही जमणार. मला पुण्याला जायचंय."

आईनं स्टोव्ह बंद केला. तो बंद झाला की घरात किती शांतता होते, ते त्या दिवशी कळलं. आण्णांनी बटणावरचा हात खाली घेतला नाही. मी काही वेळ "एकदा सांगितलेलं कळत नाही का" या वाक्याची वाट बघितली.

"ऑफिसला बसणार नाय," आण्णा म्हणाले. सावकाश, एकेक शब्द. "पुण्याला जाणार. पुढं शिकणार."

मला आधी कळलंच नाही. ते थांबले होते. माझ्याकडे बघत होते, कागदावर बोट ठेवल्यासारखे.

"बरोबर," मी म्हणाले.

ते जिना उतरून गेले. आज इतक्या वर्षांनी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकवताना मुलामुलींना काही सांगते तेव्हा त्यांच्याकडून ते परत म्हणवून घेते. काही जण हसतात, काहींना मी खडूस वाटते. त्यांना मी कधी सांगितलं नाही की ही सवय मला कुठून लागली. त्या सकाळी मी आणि आई जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या राहिलो. खाली टेलिफोनची डायल फिरल्याचा आवाज आला. मग आण्णांचा, पण ओरडण्याचा नाही आणि 'हो शेठ'चाही नाही.

"शेठ, पोरगी यायची नाय. पुढं शिकतीय... नाय, कारण काय नाय. जमणार नाय."

पलीकडून शेठ पुष्कळ वेळ बोलत होते. काय ते आम्हाला ऐकू येत नव्हतं. खाली हमालांनीही गाठी टाकायच्या थांबवल्या होत्या. शेठचं बोलणं संपलं असावं, कारण मग आण्णा बोलले आणि आयुष्यात पहिल्यांदा शेठचंच बोलणं त्यांनी शेठला परत म्हणून दाखवलं.

"तुम्हाला वाईट वाटलं. खोल्या आमच्याकडं ठेवायच्या का नाय ते बी तुम्ही बघणार. हां शेठ. ऐकलं."

आणि त्यांनी फोन ठेवला.